वरून काय दिसतं

स्टेशनातून बाहेर पडलं, की तिकिटाच्या फाटकापासून थेट टॉवरांच्या लिफ्टपर्यंत जाणारी एक झाकलेली वाट आहे. ऊन लागत नाही, पाऊस लागत नाही, रस्ता ओलांडावा लागत नाही. त्या वाटेच्या डाव्या अंगाला, चावीवाल्या आजोबांच्या टपरीला लागून, कपाटाएवढं एक दुकान आहे. त्यात एक शिलाई मशीन, कापडाच्या कडा गुंफणारं एक ओव्हरलॉक, एक इस्त्रीचं टेबल आणि एक बाई, एवढंच मावतं. गिऱ्हाईक आलं की ते बाहेर उभं राहतं. ही बाई नवे कपडे शिवत नाही. पँटची उंची कमी करायची, कोटाचं फाटलेलं अस्तर बदलायचं, अडकलेली चेन काढून नवी बसवायची, वजन वाढलेल्यांची कंबर सैल करून द्यायची आणि त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही, हे तिचं काम. तोंडात सदा टाचण्या धरलेल्या, म्हणून सगळे तिला टाचणीबाई म्हणतात. आता लग्नाच्या निमंत्रणावरही कुणी तेच नाव घातलं तर तिला वावगं वाटणार नाही.

ही वस्ती वसवणाऱ्यांचा विचार साधा होता. मध्ये स्टेशन, त्याच्यावर बाजार, भोवती कचेऱ्या आणि घरं. माणसाला स्वतःची गाडी काढायची वेळच येऊ नये. टाचणीबाईला तर आगगाडीचीही गरज पडत नव्हती. घर अकराव्या मजल्यावर, दुकान तळाला. लिफ्टने उतरायचं, बागेच्या कडेकडेने जरा चालायचं, की दुकान आलं. दवाखाना, भाजी, बँक, लेकीची शाळा, सगळं हाकेच्या अंतरावर. हाकेच्या अंतरावर नव्हता तो फक्त नवरा.

नवरा टॉवर क्रेन चालवायचा. ही वस्ती निम्म्याहून जास्त त्याच्या हातांनी उचलून ठेवलेली. पहाटे शिडीने वर चढायचा, काचेच्या त्या खोलीत बसायचा आणि दिवसभर खालच्यांच्या इशाऱ्यावर भिंती, सळया, पाण्याच्या टाक्या इकडून तिकडे न्यायचा. उंच, बारीक, मान लांब. साइटवर त्याला झिराफ म्हणायचे. घर मिळालं त्या दिवशी त्याने तिला स्वयंपाकघरात नेऊन उभं केलं.

"ही भिंत मीच आणून ठेवली," तो म्हणाला. "त्या दिवशी वारा सुटला होता. जरा तिरकी बसली असली तर सांभाळून घे."

"तुम्हाला सांभाळून घेतलंय, भिंतीचं काय एवढं," ती म्हणाली.

पहिलं वर्ष सोन्यासारखं गेलं. समोरचा टॉवर अजून व्हायचा होता. ती ओट्यापाशी उभी राहिली की खिडकीतून त्याची केबिन दिसायची, आणि दुपारी तो हात हलवायचा. मग समोरचा टॉवर पुरा झाला, क्रेन सुटी करून ट्रकांवर चढवली गेली, आणि तिच्या मागोमाग नवराही गेला. क्रेनवाल्याचं असंच असतं. काम चोख केलं की तिथलं काम संपतं. रेल्वेचा मार्ग पुढे वाढत होता, प्रत्येक नव्या स्टेशनाभोवती अशीच वस्ती उठत होती, आणि तो स्टेशनामागून स्टेशन पुढे सरकत होता.

"चल की माझ्याबरोबर," तो सुरुवातीला म्हणायचा.

"तिथलं झालं की कुठे?"

"जिथे खड्डा खणतील तिथे."

"म्हणजे लेकीने काय दर खड्ड्याला नवी शाळा बघायची?"

ती राहिली, तो गेला. आधी दर आठवड्याला यायचा. मग साइट लांब गेली, तसा महिन्याने, दीड महिन्याने येऊ लागला. आला की एक दिवस झोपण्यात जायचा, एक दिवस नळ, बिजागऱ्या, दिवे दुरुस्त करण्यात, आणि तिसऱ्या दिवशी पिशवी भरायची वेळ व्हायची.

संध्याकाळ तिला जड जायची. गाडी आली की फाटकातून माणसांचा लोंढा यायचा आणि तिच्या दुकानावरून वाहत जायचा. दिवसभर कोमेजलेले चेहरे लिफ्टच्या दिशेला वळले की जरा टवटवीत होत. कुणी जाता जाता सकाळी टाकलेली पँट उचलायचं, कुणी नुसतं हसून पुढे व्हायचं. ती टीप मारत असायची, पण नजर फाटकावर. तो येणार नाही हे ठाऊक असलं तरी डोळ्यांना कोण समजावणार? लोंढ्यात एखादी लांब मान दिसली की तिचा पाय मशीनवरून उचलला जाई.

"सगळ्या गावाचे नवरे माझ्या दुकानावरून घरी जातात," ती एकदा चावीवाल्या आजोबांना म्हणाली.

"त्यातला एखादा ठेवून घे," आजोबा म्हणाले. "बरेच जण नको असल्यासारखेच जातात घरी."

ती हसली. पण घरी जाऊन दोनच ताटं मांडताना तिला हसू आलं नाही.

तिच्या जिवाला आधार होता तो दुपारच्या फोनचा. जेवणाची सुट्टी झाली तरी तो खाली उतरायचा नाही. कोण पुन्हा चढणार तेवढं? डबा वरच नेलेला असायचा. जेवून झालं की तो तिला फोन लावायचा. ती फोन स्पीकरवर टाकून सुतांच्या रिळांमागे ठेवायची आणि हातातलं काम चालूच ठेवायची.

"काय दिसतंय आज?" तिचा पहिला प्रश्न ठरलेला.

आणि तो सांगायचा. समोर असताना अर्ध्या वाक्यात बोलणारा हा माणूस फोनवर खुलायचा. नदी कुठे वळते, तिथे पाण्याचा रंग कसा बदलतो. ढगाची सावली छपरांवरून कशी सरकत येते. टाकीवर बसलेल्या दोन पक्ष्यांचं काय भांडण चाललंय. शेजारच्या एका जुन्या इमारतीच्या गच्चीवर एक बाई कपडे वाळत घालायची, तिचं तर त्याने रोजचं कथानकच केलं होतं. आज तिने लाल चादर धुतली. आज ती कुणावर तरी चिडून कपडे जोरजोरात झटकत होती. आज तिने मुलाला गच्चीवर सायकल शिकवायला घेतली. पुढे तिचा भाऊ परत आला, तिने गच्चीवर टोमॅटो लावले. टाचणीबाई तोंडात टाचण्या धरून नुसतं "हं, हं" करायची. चावीवाले आजोबाही त्या वेळी कानस बाजूला ठेवायचे. एकाच घरात जन्म काढलेल्या जोडप्यांचं होत नसेल एवढं बोलणं त्या दोघांचं रोज दुपारी व्हायचं. सुट्टी संपल्याचा भोंगा वाजला की तो म्हणायचा, "चल, लोंबतंय खाली काहीतरी," आणि फोन बंद.

अशीच वर्षं गेली. लेक शिकली, नोकरीला लागून दुसऱ्या शहरात गेली. घरात एकच ताट राहिलं. टाचणीबाईची ओढ आता दुखण्यासारखी झाली होती; काम करताना विसरायची, टेकलं की जाणवायची. तो घरी आला की काय काय करायचं, याचे बेत ती इस्त्री फिरवता फिरवता करायची. सकाळी बागेत चक्कर. संध्याकाळी बाजाराच्या गच्चीवर चहा. आणि बोलणं. पोटभर बोलणं, मध्ये भोंगा न वाजता.

आणि एक दिवस तो खरंच आला. गुरुवार होता, सुट्टीचा दिवसही नव्हता. लोंढा ओसरल्यावर फाटकातून सावकाश, कठड्याला धरून, तो एकटा चालत आला.

"कानात बिघाड आहे," तो दुकानासमोर उभा राहून म्हणाला. "चक्कर येते. डॉक्टरांनी वर चढायला कायमची बंदी केली."

"म्हणजे?"

"म्हणजे आलो. घरी."

तिने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या, डबीत ठेवल्या, आणि वेळेआधीच दुकानाचं शटर ओढलं. त्याच्या आजाराचं वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर त्याहून आनंद मोठा होता, आणि त्या आनंदाची तिला जरा लाजही वाटली.

पहिले काही दिवस नव्या नवलाईत गेले. मग हळूहळू तिच्या लक्षात आलं, की हा माणूस बोलत नाही. सकाळी बागेत चक्कर झाली, ती मुक्याने. गच्चीवर चहा झाला, तो मुक्याने. ती काही विचारायची, तो "हं" म्हणायचा. दिवसभर खुर्चीत बसून समोरच्या टॉवरकडे बघायचा, जो त्यानेच तिथे उभा केला होता. कंटाळला की दुकानात यायचा. दुकानात दोन माणसं मावत नाहीत, तर बाहेर उभा राहायचा, आणि गिऱ्हाइकांना वाटायचं की हा रांगेत आहे. एकदा त्याने तिच्या रिळांची फळी रंगाप्रमाणे लावून दिली. ती स्वतः रिळं जाडीप्रमाणे लावायची. दोन दिवस तिला हवा तो दोरा सापडेना.

"असून अडचण, नसून खोळंबा," ती आजोबांजवळ पुटपुटली.

"नसताना तर नुसता खोळंबाच होता," आजोबा म्हणाले. "आता निदान निवड आहे."

सगळ्यात विचित्र गोष्ट होती ती दुपारची. ती वेळ झाली की तिचा हात आपोआप रिळांमागे जायचा. फोन गप्प पडलेला. ज्याने करायचा तो वर घरात, खुर्चीत. तिने इतकी वर्षं ज्याची वाट बघितली तो माणूस मिळाला होता, आणि दुपारचा तो आवाज मात्र कुठेतरी गेला होता. ती त्या आवाजासाठी झुरू लागली. नवरा घरात असताना नवऱ्यासाठी झुरायचं, हे सांगायचं कुणाला?

एकदा तिनेच फोन लावला.

"काय दिसतंय?" तिने विचारलं.

पलीकडे खुर्ची करकरली. मग तो म्हणाला, "भिंत," आणि फोन ठेवला.

त्याची एक पेटी साइटवरच्या खोलीत राहिली होती. कपडे, थर्मास, थंडीचा कोट. "जाऊन घेऊन या," ती दोनदा म्हणाली. "राहू दे तिथेच," तो दोन्ही वेळा म्हणाला. शेवटी एका सकाळी तिने दुकान आजोबांच्या भरवशावर सोडलं आणि स्वतः गाडीत बसली. स्टेशनाच्या डोक्यावर राहून तिने किती दिवसांनी गाडीत पाय ठेवला असेल, तिचं तिलाच आठवेना.

शेवटच्या स्टेशनावर उतरली तर भोवती निम्मी वस्ती उभी, निम्मी आकाशात टांगलेली. तिथे एक क्रेन होती. तिने मान मागे टाकून बघितलं. काचेची ती खोली मुंगीएवढी दिसत होती. इतक्या वरून तो तिच्याशी बोलायचा. तिला भीती वाटली आणि अभिमानही.

मुकादम भला माणूस होता. पिवळी टोपी काढून त्याने तिला नमस्कार केला. "वहिनी, तुम्ही कशाला त्रास घेतलात? पेटी पाठवली असती. या, गोदामात आहे ती."

"खोलीत होती ना?"

"गेले सहा-आठ महिने तो गोदामातच असायचा ना. कान बिघडल्यापासून. वर दुसरा माणूस घेतला आम्ही. ह्याला स्क्रू, बोल्ट, हेल्मेट देण्याघेण्याचं काम. चांगला होता त्यातही, पण मन लागलं नाही हो त्याचं."

मुकादमाने पत्र्याचं दार सरकवलं. आत लांबट, अंधारी जागा. छतापर्यंत फळ्या, एक दिवा, एक स्टूल. खिडकी एकही नाही.

"जेवायला कुठे बसायचे?" तिने विचारलं.

"हे काय, ह्याच पेटीवर. डबा खायचा आणि मग फोनवर बोलत बसायचा. आम्ही म्हणायचो, झिराफ खाली उतरला पण मान वरच राहिली." मुकादम हसला. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून थांबला.

परतीच्या गाडीत पेटी मांडीवर घेऊन ती बसली तेव्हा तिला आधी आला तो राग. ढगांची सावली, टाकीवरचे पक्षी, नदीचं वळण. हे सगळं तो पत्र्याकडे बघून सांगत होता आणि ती येडी "हं, हं" करत होती. यातलं खरं कुठवर आणि खोटं कुठून, काही कळेना. तिच्या हाताखाली कधी असा कपडा यायचा, की कुणीतरी मधेच दुसऱ्या दोऱ्याने शिवलाय. उलटा केला की जोड लगेच दिसायचा. पण इथे कितीही उलटंसुलटं केलं तरी जोड दिसेना. शेवटच्या महिन्यांतलं बोलणं तर उलट जास्तच सुरेख होतं. तेच तिला जास्त आठवत होतं.

घरी पोचली तेव्हा तो ओट्यापाशी अंडी उकडत होता. तिने पेटी त्याच्यासमोर टेबलावर ठेवली. पेटी बघून त्याने गॅस बंद केला आणि खाली बसला.

"मुकादम भेटला?"

"भेटला. गोदाम पण बघितलं."

तो पेटीच्या कडीशी चाळा करू लागला.

"का हो?" ती म्हणाली. "मला सांगितलं असतं तर मी काय खाल्लं असतं तुम्हाला?"

"पहिल्या दिवशी सांगणारच होतो. फोन लावला. तू नेहमीसारखं विचारलंस, काय दिसतंय. मी समोर बघितलं तर पत्रा. म्हटलं, पत्रा दिसतोय असं सांगितलं तर तू म्हणशील, मग घरी या."

"म्हटलंच असतं."

"आणि घरी येऊन तुझ्याशी काय बोललो असतो?" त्याने पहिल्यांदा वर बघितलं. "इतकी वर्षं तू बोललीस ती वरच्या माझ्याशी. खालचा मी तुला ठाऊकच कुठे आहे? बिजागऱ्या बसवायला यायचा आणि जायचा. मला भीती वाटली, की वर काही उरलं नाही म्हटल्यावर तू फोन ठेवून देशील."

त्यात थोडं खरं होतं. इतकी वर्षं ती फाटकाकडे डोळे लावून बसली होती, ती कुणासाठी? ह्या खुर्चीतल्या माणसासाठी, की रिळांमागच्या आवाजासाठी? दोघं एकच आहेत असं तिने धरूनच चाललं होतं.

मग ती म्हणाली, "ती गच्चीवरची बाई तरी खरी होती?"

"होती. मुलाला सायकल शिकवायला घेतली, तिथवर खरी. पुढचं माझं."

"म्हणजे तिचा भाऊ परत आला तो?"

"माझा."

"आणि तिने गच्चीवर टोमॅटो लावले ते?"

"ते पण माझे." तो जरा ओशाळला. "मला वाटलं, तुला आवडतील."

तिला रडू येत होतं आणि मध्येच हसूही फुटलं. "मी ते टोमॅटोचं आजोबांनाही सांगितलं हो. त्यांनी टपरीपाशी कुंडी आणून ठेवलीय."

मग दोघांनी गार झालेली अंडी सोलून खाल्ली. त्या संध्याकाळी तो खूप बोलला, असं सांगायला बरं वाटलं असतं. पण तसं झालं नाही. तो थोडं बोलला. कान बिघडल्याचं, पहिल्यांदा शिडीवर पाय लटपटला त्या सकाळचं, खाली उतरताना डोळे मिटून घेतल्याचं. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. तीही थोडं बोलली. संध्याकाळच्या लोंढ्याचं, लांब मानेच्या माणसांचं. त्याला ते नवीन होतं. इतकी वर्षं दुपारी तोच सांगायचा, तिने काय बघितलं ते त्याने कधी विचारलंच नव्हतं.

पुढे त्याला स्टेशनावर काम मिळालं. सरकते जिने आणि लिफ्ट बंद पडले की मेकॅनिक येईपर्यंत तिथे उभं राहायचं, म्हाताऱ्यांना दुसऱ्या वाटेने न्यायचं. त्याला ते फारसं आवडत नाही, पण गणवेश तिने मापात करून दिलाय, आणि माणूस घराबाहेर पडतो. दुपारी कधी दुकानासमोर येऊन उभा राहतो. कधी बोलतो, कधी नाही. तिला अजूनही त्या आवाजाची आठवण येते. एखाद्या दुपारी, तो समोर उभा असतानाही, ती रिळांमागे नजर टाकते. त्याला ते दिसतं. त्यावर तो काही म्हणत नाही, आणि तीही म्हणत नाही. संसारात अशी एखादी जागा असायचीच.

मात्र एक गोष्ट त्यांनी सुरू केलीय. दुकान बंद असतं त्या दिवशी दोघं गाडीत बसतात आणि शेवटपर्यंत जाऊन परत येतात. काम काहीच नसतं. पहिल्यांदा गेले तेव्हा गाडीने वेग घेतल्याबरोबर त्याला गरगरायला लागलं. खिडकीबाहेरचं पळतं जग त्याच्या कानाला सोसेना. त्याने डोळे मिटले आणि सीटची कड घट्ट धरली.

"उतरू या का पुढच्याला?" तिने विचारलं.

"नको. डोळे मिटले की बरं वाटतं. तू बघ आणि सांग."

"मी? मला नाही बाई येत ते."

"काय दिसतंय तेवढं सांग."

ती काचेला नाक लावून बसली. "झाड आहे एक."

"कसलं झाड?"

"झाडासारखं झाड. गेलं पण ते. आता भिंत. भिंतीवर कपडे. एक शर्ट आहे, त्याची कॉलर कुणीतरी अगदी वाईट शिवलीय."

"इथून दिसलं तुला?"

"मला दिसतं," ती म्हणाली. "आता पाणी आलं. नदी असावी. तुम्ही म्हणत होता तसा रंगबिंग काही बदलत नाही हो, सरळ मातकटच आहे."

डोळे न उघडताच तो हसला आणि तिच्या बाजूला जरा सरकून बसला. गाडी पुलावरून जात होती. तिने पुढचं बघून घेतलं आणि सांगायला लागली.